किनाऱ्यावरूनच पाहायचे सरोवर: नॉयझीडल-फेर्तो येथील चार दिवस

ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्या सीमेवर एक उथळ, विस्तीर्ण सरोवर पसरलेले आहे. ऑस्ट्रियात त्याला नॉयझीडल म्हणतात आणि हंगेरीत फेर्तो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझी पत्नी आणि व्हिएन्नात शिकणारी आमची मुलगी अशा तिघांनी त्याच्या काठी चार दिवस काढले. मी सोलापूरचा आहे आणि नान्नजच्या माळरानावर गेली पंचवीस वर्षे पक्षी पाहत आलो आहे, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे, कारण माझे या जागेबद्दलचे मत त्या माळरानापासून वेगळे काढता येणार नाही. आल्प्सची शिखरे आणि निळीशार तळी सोडून मी ही सपाट, वाऱ्याची जागा निवडली, त्यामागे हेतू एकच होता: आपल्या माळढोकाचा युरोपातला नातलग मोकळ्या रानात पाहणे.

ज्यांना सरोवर म्हटले की खोल, स्वच्छ पाणी आणि भोवती डोंगर अपेक्षित असतात, त्यांनी येथे येण्यापूर्वी विचार करावा. सुमारे ३१५ चौरस किलोमीटर विस्ताराच्या या सरोवराची कमाल खोली दोन मीटरही भरत नाही. तळाचा बारीक गाळ वाऱ्याने सतत ढवळला जातो, त्यामुळे पाणी निळे दिसत नाही, दुधात राख कालवावी तसे करडे दिसते. त्यातही निम्म्याहून अधिक क्षेत्र बोरूच्या बनाने व्यापलेले आहे. डॅन्यूबच्या मुखाशी असलेल्या बनानंतर बोरूचे एवढे सलग बन युरोपात दुसरे नाही, आणि हंगेरीच्या बाजूला तर उघडे पाणी फारच थोडे आहे. बहुतेक ठिकाणी काठावर उभे राहिले तरी पाणी दिसत नाही. पुरुषभर उंचीच्या बोरूची सळसळ ऐकू येते आणि आतून कधी बदकांचा, कधी बेडकांचा आवाज येतो. मला हे सौंदर्य पहिल्या तासातच पटले. पत्नीला पटायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

पोहोचणे अगदी सोपे आहे. व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकावरून नॉयझीडल गावापर्यंत रेल्वेने पाऊण तासाच्या आत जाता येते. तेथून पूर्व काठाने दक्षिणेकडे जाणारी छोटी गाडी पामहागेनला सीमा ओलांडून थेट हंगेरीतील फेर्तोसेंटमिक्लोशपर्यंत जाते. राष्ट्रीय उद्यानाचे ऑस्ट्रियातील केंद्र असलेले इल्मिट्स हे गाव मात्र या रुळांवर नाही. तेथे बसने जावे लागते. शेंगेनचा एकच व्हिसा दोन्ही देशांत चालतो, तरी ऑस्ट्रियाने गेल्या काही वर्षांत या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली असल्यामुळे पासपोर्ट खोलीवर ठेवून फिरू नये. हंगेरीत युरोऐवजी फोरिंट लागतात.

इल्मिट्सच्या माहिती केंद्रापासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह राहील. केंद्रात आणि उद्यानात प्रवेशशुल्क नाही. मार्गदर्शकाबरोबरच्या फेऱ्यांना पैसे पडतात आणि ते दिल्याचे समाधान वाटते. आमची मार्गदर्शक त्याच परिसरात लहानाची मोठी झालेली बाई होती. तिने पहिला तासभर एकही पक्षी दाखवला नाही. त्याऐवजी गावाबाहेरच्या एका सोडायुक्त तळ्याच्या काठी आम्हाला उकिडवे बसवले आणि माती बोटांत घेऊन चोळायला लावली. माती साबणासारखी बुळबुळीत लागली. सरोवराच्या पूर्वेकडील या भागाला झेविंकेल म्हणतात, आणि तेथे अशी फूटदोन फूट पाण्याची तळी विखुरलेली आहेत. उन्हाळ्यात ती आटतात, भूजलातील क्षार केशाकर्षणाने वर चढतात आणि तळावर पांढरा थर उरतो. हाच क्षार चिकणमातीला घट्ट बांधून ठेवतो, म्हणून पुढच्या पावसाचे पाणी झिरपून न जाता साचते. भूजलाची पातळी खाली गेली की वर येणारा क्षार थांबतो, पावसाच्या पाण्याने उरलेला क्षार धुऊन जातो, तळ गळू लागतो, गवत आत शिरते आणि काही वर्षांत तेथे तळे होते हेही कोणाला सांगता येत नाही. म्हणजे या तळ्यांना आटणे घातक नाही. आटल्यावर खालून क्षार न मिळणे घातक आहे. एके काळी अशी शंभराहून अधिक तळी होती, आता चाळीसच्या आसपास उरली आहेत. शेतीसाठी खणलेले चर आणि विहिरींचा उपसा ही त्याची मुख्य कारणे आहेत.

लोणार पाहिलेल्या मराठी माणसाला सोडायुक्त पाण्याचे नवल वाटणार नाही. लोणारचा जन्म बेसाल्टवर आदळलेल्या अशनीतून झाला आणि झेविंकेलच्या तळ्यांचा इतिहास सर्वस्वी वेगळा आहे, तरी खाऱ्या चिखलात तग धरणाऱ्या सूक्ष्म जीवांवर पक्ष्यांची पंगत उठते हे दृश्य दोन्हीकडे ओळखीचे आहे. त्या सकाळी आम्ही वर वळलेल्या चोचीचे उचाट पाणी चाळताना पाहिले, शेकाटे पाहिले, मालगुजा पाहिले, आणि बोरूच्या कडेने उडणारे चमचे व जांभळे बगळे पाहिले. कलहंस तर पिलांची रांग घेऊन रस्त्याकडेच्या गवतात निवांत चरत होते. बोरूतच जन्म काढणारा, नराला काळ्या मिशा असलेला एक चिमुकला पक्षी पाहण्याची मला फार इच्छा होती. तो तिसऱ्या दिवशी बोरूच्या शेंड्यावर दोन-तीन सेकंद झुलला आणि दिसेनासा झाला. या परिसरात आजवर ३४०हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. आम्ही चार दिवसांत एकशे सात मोजल्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा अभिप्राय लिहायला बसलो ती सांगतो. या अभयारण्यात पर्यटकाला जवळजवळ कोठेच आत जाऊ दिले जात नाही. सरोवराच्या दक्षिण टोकाचा, सीमेलगतचा गाभा दोन्ही देशांनी पूर्ण बंद ठेवला आहे. तेथे बोरू कापत नाहीत, मासेमारी नाही, होडी नाही. बाकीच्या भागातही आखलेली वाट सोडून पाऊल टाकायचे नाही. त्याच्या बदल्यात योग्य जागी लाकडी मनोरे उभारलेले आहेत, आणि प्रत्येक मनोऱ्याची जागा उन्हाची दिशा व पक्ष्यांची चरण्याची जागा यांचा विचार करून निवडलेली असावी, असे तेथे उभे राहिल्यावर जाणवते. सकाळी ज्या मनोऱ्यावरून उत्तम दिसते त्यावरून संध्याकाळी डोळ्यांवर ऊन येते, म्हणून मार्गदर्शक मंडळी फेरीची वेळ आणि मनोरा यांची जोडी लावून देतात. चार दिवसांत मला एकही गाडी रानात शिरताना दिसली नाही. फोटोसाठी पक्षी उठवणारा माणूसही दिसला नाही. आपल्याकडे पाणवठ्याच्या काठापर्यंत गाडी नेण्याचा आग्रह धरणारे पर्यटक मी इतकी वर्षे पाहत आलो आहे, त्यामुळे हा फरक मला आतून हलवून गेला.

दुसरी गोष्ट जमिनीची. ऑस्ट्रियाच्या बाजूचे राष्ट्रीय उद्यान १९९३ साली अस्तित्वात आले. त्याची सुमारे ९७ चौरस किलोमीटर जमीन प्रामुख्याने खाजगी आहे. सुमारे १२०० जमीनमालकांशी करार करून ती घेतली आहे आणि त्यांना त्याचा मोबदला मिळतो. मार्गदर्शकबाईच्या घरची जमीनही त्यात होती आणि ती ते अभिमानाने सांगत होती. हे ऐकताना मला नान्नजच्या अवतीभोवतीची गावे आठवत होती. १९७९ साली आपल्याकडे माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा कागदावर त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होते. त्यात गावे, शहरे, शेतजमिनी सगळे आले आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीची अडचण झालेल्या शेतकऱ्याच्या मनात त्या पक्ष्याविषयी राग बसला. पुढे ते क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले, परंतु तोवर पक्षीही फारसे उरले नव्हते. दोन देशांची परिस्थिती वेगळी आहे हे मला मान्य आहे. तरी छोटे क्षेत्र, स्पष्ट करार आणि वेळेवर मोबदला या तीन गोष्टी पाहून आलेल्या माणसाला मनात तुलना होणे टाळता येत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आम्ही हान्शागकडे निघालो. हा सरोवराच्या आग्नेयेचा, एके काळी दलदल असलेला आणि नंतर चर खणून कोरडा केलेला सखल प्रदेश आहे. त्याचा काही भाग ऑस्ट्रियात आणि मोठा भाग हंगेरीत येतो. आन्डाउ गावापलीकडच्या मनोऱ्यावर चढलो तेव्हा धुके होते आणि चंडोल गात होते. सहाच्या सुमारास धुके वर उचलले गेले आणि अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर, कोवळ्या गव्हाच्या कडेला, कोणीतरी पांढऱ्या उशा टाकून ठेवल्यासारखे काहीतरी दिसले. स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावला. ते माळढोक होते. या जातीचा नर विणीच्या काळात शेपटी पाठीवर उलटी घेतो, पंख मुरडून आतली पांढरी पिसे बाहेर काढतो आणि क्षणात पक्ष्याचा पांढरा गोळा होतो. पाच नर आम्ही मोजले. त्यांतला एक चालत चालत माद्यांच्या दिशेने गेला, थांबला, पुन्हा फुलला. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, घ्या ना फोटो," पण मला स्कोपवरून डोळा काढवेना. नान्नजला गेल्या काही वर्षांत माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. येथे पाच नर एका नजरेत होते.

हे आपोआप घडलेले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील या पक्ष्यांची संख्या शंभराच्याही खाली गेली होती. त्यानंतर शेतकऱ्यांना मोबदला देऊन पडीक पट्टे राखले गेले आणि त्या पट्ट्यांतली कापणी विणीचा काळ संपेपर्यंत लांबवली गेली. विजेच्या तारांवर आदळून हा जड पक्षी मरतो, म्हणून काही ठिकाणी तारा जमिनीखाली घातल्या गेल्या आणि काही ठिकाणी त्यांवर दिसतील अशा खुणा लावल्या गेल्या. हे काम ऑस्ट्रिया, हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांनी मिळून केले, कारण थवे या तिन्ही देशांत ये-जा करतात. आज संख्या पूर्वीच्या कितीतरी पट आहे. आपल्या माळढोकाच्या मृत्यूंमागेही विजेच्या तारा हे मोठे कारण आहे आणि तो प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, हे तेथील मार्गदर्शकाला ठाऊक होते. त्याने स्वतःहून तो विषय काढला.

याच मनोऱ्यापासून जवळच आन्डाउचा पूल आहे. एका अरुंद कालव्यावरचा हा साधा लाकडी पादचारी पूल हंगेरीतील सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६च्या उठावानंतर सुमारे सत्तर हजार हंगेरियन निर्वासितांनी ओलांडला, मग तो उडवून देण्यात आला आणि १९९६ साली पुन्हा बांधला गेला. सरोवराच्या पश्चिमेला, शोप्रोनजवळ, १९ ऑगस्ट १९८९ रोजी सीमेचे फाटक काही तास उघडले गेले आणि पूर्व जर्मनीचे शेकडो नागरिक पलीकडे निघून गेले, ती जागाही पाहण्यासारखी आहे. कम्युनिस्ट पूर्व युरोप आणि पश्चिम युरोप यांच्यातल्या सीमाकुंपणामुळे ज्या पट्ट्यात चार दशके माणसाला पाऊल ठेवता येत नव्हते, त्याच पट्ट्यात पक्षी निर्धास्त राहिले, आणि कुंपण गेल्यावर दोन्ही देशांनी ती जमीन राखायचे ठरवले. हंगेरीने १९९१ साली आपल्या बाजूचे राष्ट्रीय उद्यान केले आणि २००१ साली युनेस्कोने सरोवर व त्याभोवतीची गावे मिळून एकच जागतिक वारसास्थळ घोषित केले.

हंगेरीच्या बाजूला एक पूर्ण दिवस द्यावा. उद्यानाचे मुख्यालय शारोद येथे आहे आणि तेथून फेर्तोउय्लाकच्या ओलसर कुरणांकडे जाता येते. वस्ती विरळ आहे, फलक कमी आहेत, शांतता अधिक आहे. लांब शिंगांची करडी हंगेरियन गुरे आणि चिखलात बसलेल्या म्हशी पाहून पत्नीला घरी आल्यासारखे वाटले. ही जनावरे शोभेसाठी पाळलेली नाहीत. त्यांनी चरून गवत आखूड ठेवले नाही तर बोरू पसरतो आणि टिटवीला अंडी घालायला उघडी जमीन उरत नाही. ऑस्ट्रियातील इल्मिट्सजवळच्या पांढऱ्या गाढवांचे आणि प्रझेवाल्स्की जातीच्या रानटी घोड्यांचेही तेच काम आहे. परतीच्या वाटेवर फेर्तोदचा एस्टरहाझी राजवाडा लागतो, जेथे संगीतकार हायडन अनेक वर्षे नोकरीस होता; आम्ही तो बाहेरूनच पाहिला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. इंग्रजी फेऱ्या कमी असतात आणि त्यांची आगाऊ नोंदणी न केल्यास जर्मन गटात उभे राहावे लागते. मुलगी बरोबर नसती तर तळ्यांचे ते सुंदर विवेचन आमच्या डोक्यावरून गेले असते. हंगेरीच्या बाजूचे बरेच फलक केवळ हंगेरियन आणि जर्मन भाषेत आहेत. आम्ही एका दुकानातून भाड्याने घेतलेल्या तीन सायकलींपैकी एकीचा ब्रेक सैल होता, आणि परत करताना तक्रार केल्यावर दुकानदाराने खांदे उडवले; सायकल ताब्यात घेताना ती चालवून पाहावी आणि ब्रेक, हवा, कुलूप तपासूनच निघावे. येथला वारा समोरून आला की सपाट रस्ताही घाटासारखा लागतो, त्यामुळे सरोवराला पूर्ण फेरी मारण्याचा बेत एका दिवसात बसवू नये. शाकाहारी माणसाची ऑस्ट्रियाच्या बाजूला उपासमार होत नाही, कारण हा भाजीपाल्याचा आणि द्राक्षांचा प्रदेश आहे. मद्य न घेणाऱ्यांनी तेथील ताज्या द्राक्षरसाची चव घ्यावी. हंगेरीत लांगोश नावाची, आपल्या भटुऱ्याच्या जवळ जाणारी तळलेली पोळी लसूण लावून मिळते, ती आम्ही दोनदा खाल्ली. डासांसाठी मलम न्यावेच.

इल्मिट्सहून समोरच्या म्योर्बिशला सायकलसह नेणारी बोट दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे रद्द झाली आणि आमचा बेत कोलमडला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला याच ठिकाणी सरोवरावरून रस्त्याचा पूल टाकण्याची योजना होती आणि निसर्गप्रेमींच्या विरोधामुळे ती सोडून द्यावी लागली, हे संध्याकाळी कळले. तो पूल असता तर आम्ही दहा मिनिटांत पलीकडे पोहोचलो असतो, आणि मधल्या बोरूच्या बनावरून दिवसभर मोटारी धावल्या असत्या. बोट रद्द झाल्याची तक्रार मी त्यानंतर मनातून काढून टाकली. बोट त्याच्या पुढच्या दिवशी मिळाली आणि पलीकडच्या रुस्ट गावात धुराड्यांवरच्या घरट्यांत चोची वाजवणारे पांढरे करकोचे पाहता आले.

पाण्याची चिंता मात्र खरी आहे. या सरोवराला मोठी नदी मिळत नाही. बहुतेक पाणी पावसाचे आणि बहुतेक ऱ्हास बाष्पीभवनाचा. १८६५ ते १८७१ या काळात ते पूर्ण कोरडे पडले होते आणि लोकांनी तळात शेतीही करून पाहिली होती. २०२२ साली जवळचे त्सिकझे हे तळे पूर्ण आटले आणि मुख्य सरोवराची पातळीही फार खाली गेली. आता पाणी बाहेर सोडणारा एकमेव कृत्रिम कालवा हंगेरीच्या हद्दीतील दारांनी नियंत्रित होतो आणि दारे कधी उघडायची याचा निर्णय १९५६पासून काम करणारा दोन्ही देशांचा संयुक्त जल आयोग घेतो. बाहेरून नदीचे पाणी आणण्याचा विचार पुढे आला आहे. आमच्या मार्गदर्शकबाईचा त्याला स्पष्ट विरोध होता. गोडे पाणी आले की क्षार विरळ होईल आणि या जागेचे वेगळेपणच संपेल, असे तिचे म्हणणे होते. तिच्याबरोबर फिरल्यानंतर मला तिचे म्हणणे पटले आहे. नौकाविहारासाठी येणाऱ्यांना ते पटणार नाही, हेही दिसते.

माळढोकाचे प्रणयनृत्य पाहायचे असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरावा आणि सूर्योदयापूर्वी मनोऱ्यावर असावे. मेच्या मध्यानंतर गहू वाढतो आणि पक्षी पिकात दिसेनासे होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तरेकडून आलेल्या हंसांचे हजारोंचे थवे संध्याकाळी शेतांतून आपेटलोनजवळच्या लांगे लाके या तळ्यावर मुक्कामाला उतरतात. मुलीचे शिक्षण पुढच्या वर्षअखेरीपर्यंत आहे, त्यामुळे येत्या नोव्हेंबरसाठी इल्मिट्समधली तीच खोली आम्ही आताच सांगून ठेवली आहे.